टांगलेल्या सायकलीचा भार

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वस्तीत स्वतंत्र गॅरेज हा प्रकार जवळजवळ नाहीच. मोटारींनी इमारतीखालचा स्टिल्ट व्यापलेला असतो, आणि सायकलीला संस्थेच्या हुकमाने कधी जिन्याखालून, कधी पॅसेजमधून हुसकावले जाते, तेव्हा ती घरातल्याच भिंतीला टांगण्याची तजवीज गृहस्थाला करावी लागते.

रॅक आणावा आणि चार स्क्रू पिळून मोकळे व्हावे, इतके हे काम वरकरणी सोपे भासते. परंतु पंधरा किलोंची सायकल रॅकला नुसती खाली ओढत नाही, बाहेरही ओढते, आणि रॅक उखडतो तो बहुधा या दुसऱ्या ओढीने. हँडल सुमारे 60 सें.मी. रुंद असल्यामुळे आडवी टांगलेली सायकल भिंतीपासून 30 सें.मी.च्या आत येऊच शकत नाही. तिच्या भाराने रॅकची पट्टी खालच्या कडेवर टेकून पुढे कलंडू पाहते; त्या कडेपासून वरचे स्क्रू 10 सें.मी. उंचीवर असतील, तर तरफेच्या नियमानुसार त्यांच्यावर 45 किलोंची, म्हणजे सायकलीच्या वजनाच्या तिप्पट ओढ येते! हेच अंतर 20 सें.मी. असेल तर ओढ निम्मी होते. सबब दुकानदार सांगेल त्या वजनापेक्षा पट्टीची लांबी आधी पाहावी.

आता ही ओढ सोसणार कोण? गिलावा नव्हे; आतल्या बाजूस तो जेमतेम 12 मि.मी. जाड असतो. त्यामागे काय दडले आहे याची साक्ष ड्रिलमधून गळणारी भुकटी देते. नौपाड्यातील किंवा फडके रोडच्या आसपासच्या जुन्या इमारतींत ती बहुधा तांबडी येते: ती वीट, आणि भोक सांध्यातील भुसभुशीत मसाल्यात न पडता विटेच्या पोटात पडले तर भरवशाची. करडी भुकटी आणि यंत्राचा कर्कश आक्रोश म्हणजे काँक्रीट. पांढरीफटक, पिठासारखी भुकटी, तीही विनासायास, आली की समजावे, हा गवंडी ज्याला सिपोरेक्स म्हणतात तो ठोकळा. स्वीडनमध्ये योहान आक्सेल एरिक्सन यांनी 1920 च्या दशकात सिद्ध केलेल्या या पदार्थात ॲल्युमिनियमची भुकटी चुन्याशी संयोग पावून हायड्रोजनचे असंख्य बुडबुडे निर्माण करते. त्यामुळे तो विटेच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचा होतो, पण स्क्रूला धरून ठेवण्याची ताकदही त्याच बुडबुड्यांत हरवते. येथे हॅमर बंद ठेवून भोक पाडावे, लांब व खास या ठोकळ्यासाठीच्या गिट्ट्या वापराव्यात. भिंतीची दुसरी बाजू आपल्याच ताब्यात असेल, तर आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी देणे सर्वांत उत्तम.

गिट्टीचा इतिहासही मौजेचा आहे. पूर्वी कारागीर भिंतीत लाकडाचा तुकडा ठोकीत; तो आपल्या पावसाळ्यात फुगे, उन्हाळ्यात आक्रसे आणि अखेर सैल पडे. ब्रिटिश म्युझियममधील विजेच्या कामासाठी जॉन रॉलिंग्ज यांनी 1911 च्या सुमारास तागाच्या धाग्यांची गिट्टी बनविली, तोच आपला रावळप्लग. आणि 1958 मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची काढली. स्क्रू आत शिरताच ती फाकते, भोकाच्या कडांना रेटते, आणि त्या रेट्यातून उपजणारे घर्षण बाहेरची सगळी ओढ पेलते. भोकात राहिलेली भुकटी हे घर्षण कमी करते. ती फुंकून काढण्यास सायकलीचाच पंप उत्तम, हे मात्र कारागिरांच्या गावीही नसते.

पुढच्या चाकाने उभी टांगून मागचे चाक भिंतीला टेकवले, तर तरफ मीटरभराहून लांब होते व ओढ फारच घटते. मात्र सायकल तितकीच खोलीत घुसते. घरात तेवढी जागा नाही म्हणून रॅक खाली ठोकायचा, तर स्टिल्टमधील खांब वर्ज्य समजावा. खांबाच्या सळ्यांवर काँक्रीटचे आवरण 40 मि.मी.च्या आसपास असते, ड्रिलचे पाते त्याहून सहज खोल जाते, आणि उघड्या पडलेल्या सळीला खाडीकडची दमट हवा गंजवू लागते.