क्षारयुक्त व चोपण जमिनींसाठी भातवाणांची पारख

पुणे जिल्ह्यात महाळुंग्याहून पश्चिमेस मुळशीच्या डोंगरपट्ट्यात जावे, तसा पाऊस वाढत जातो आणि जमिनीतील क्षार धुऊन जातात. तेथे आंबेमोहोर किंवा इंद्रायणी भाताचा विचार करताना सुवास व उतारा एवढेच पाहिले जाते. सह्याद्री ओलांडून रायगडच्या खाडीकाठी उतरल्यावर मात्र निराळाच प्रश्न पुढे येतो. तेथील खार जमिनी बांध व उघाडी यांच्या आधाराने समुद्रापासून राखलेल्या असतात. भरतीच्या वेळी बांध फुटला, तर शेतात खारे पाणी शिरते. अशा वेळी पीक तगेल की नाही, हे बव्हंशी वाणावर अवलंबून असते.

'क्षार सहन करणारा वाण' हा शब्दप्रयोग सोयीचा असला, तरी सहनशीलता हा एकच एक गुण नव्हे. प्रथम जमिनीचा प्रकार पाहावा लागतो. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात व तिच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटरहून जास्त भरते. चोपण जमिनीत विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असते व सामू साधारणतः ८.५ च्या वर जातो. मातीची घडण मोडते, पाणी मुरत नाही आणि जस्ताची उणीव भासते. काही जमिनींत हे दोन्ही दोष एकत्र आढळतात. त्यामुळे खाडीकाठी उत्तम ठरलेला वाण चोपण जमिनीतही तसाच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी बाब वाढीच्या अवस्थेची. भाताचे बी क्षारातही बऱ्यापैकी रुजते. परंतु कोवळे रोप नाजूक असते. फुटव्यांच्या काळात पीक पुन्हा काटक बनते, आणि लोंबी घडून फुलोरा येताना पुन्हा हळवे होते. प्रयोगशाळेत खाऱ्या द्रावणात रोपे वाढवून त्यांना १ ते ९ असे गुण देण्याची पद्धत रूढ आहे. १ म्हणजे जवळजवळ निर्दोष, ९ म्हणजे मृतप्राय. या पद्धतीने थोड्या काळात पुष्कळ वाण चाळता येतात. तथापि रोपावस्थेत तगलेल्या वाणाच्या लोंब्या पुढे पोचट राहू शकतात.

म्हणून अंतिम निवाडा शेतातच करावा लागतो. मुळांभोवतालची विद्युतवाहकता सुमारे ३ च्या वर गेली की सर्वसाधारण भाताचा उतारा घटू लागतो, व पुढील प्रत्येक एककामागे सुमारे १२ टक्के घट धरली जाते. एकाच शेतात क्षार ठिकठिकाणी कमीअधिक असतात. यास्तव प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत पुनःपुन्हा लावावा, शेजारी एक सहनशील व एक नाजूक वाण तुलनेसाठी ठेवावा आणि मातीची तपासणी हंगामात अनेकदा करावी. अन्यथा वाफ्याचे सुदैव वाणाचा गुण म्हणून नोंदले जाईल.

या दृष्टीने पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे कार्य बोधप्रद आहे. काळा रता व भुरा रता हे कोकणातील जुने तांबड्या दाण्याचे भात. काटक, पण उताऱ्याला बेताचे. त्यांतील भुरा रता ४-१० व आयआर ८ यांच्या संकरातून 'पनवेल १' हा वाण निर्माण झाला. काटकपणा स्थानिक भाताचा, उत्पादनक्षमता सुधारित भाताची, असा हा मेळ होय. उताऱ्याला उणे म्हणून जुन्या वाणांचे बी आपण टाकून दिले, तर उद्याच्या संकरासाठी लागणारे मूळ द्रव्यच नाहीसे होईल. वाणांची पारख करणाऱ्याने त्यांचे जतन हेही आपल्या कार्याचेच अंग मानले पाहिजे.