आधी बसेल त्याची जागा

मुंबईच्या रुग्णालयात वसईकडच्या निर्मळ गावातल्या एखाद्या घरचं दिवस न भरलेलं बाळ काचेच्या पेटीत असेल, तर त्याचं भवितव्य पुष्कळसं एका साध्या प्रश्नावर अवलंबून असतं: त्याच्या आतड्यात पहिल्यांदा कोण शिरलं?

जन्मतःच तिथे जंतूंची वसाहत सुरू होते. नालासोपाऱ्याला सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्याला यातला डाव वेगळा सांगायला नको. गाडी येते तीच विरारकरांनी दार आणि सीट अडवून. आईच्या अंगावरचे, दुधातले निरुपद्रवी जंतू आधी पोचले तर तेही असंच ठाण मांडतात, अन्न फस्त करतात, आम्ल सोडतात, आणि उपद्रव्यांना शिरायला जागाच उरत नाही.

दीड किलोच्या बाळाचा क्रम मात्र उलटा होतो. आईची कूस राहते दूर. पहिला स्पर्श हातमोज्याचा, नळीचा, सुईचा. वर अँटिबायोटिक सुरू, म्हणजे जे थोडे भले जंतू आले असतील तेही जातात. रिकाम्या जागी येतो वॉर्डात मुरलेला जंतू. त्यातल्या क्लेब्सिएला या जंतूला ओल आवडते: सिंकचा निचरा, सक्शनची बाटली, ह्युमिडिफायरमधलं पाणी. असिनेटोबॅक्टर त्याहून चिवट. कोरड्या कठड्यावर तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतल्या नवजातांचा मोठा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात रक्तात सापडलेल्या जंतूंमध्ये हे दोघे सर्वांत पुढे होते, आणि असिनेटोबॅक्टरच्या 82 टक्के नमुन्यांवर अनेक प्रकारची औषधं निकामी ठरली होती. यातले बरेचसे संसर्ग पहिल्या तीन दिवसांतले, हे वाचून मी थबकलो.

औषध निष्प्रभ करण्याची युक्ती बहुतेकदा डीएनएच्या एका छोट्याशा वर्तुळावर लिहिलेली असते. जंतू ते वर्तुळ शेजाऱ्याला देतो, शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी. त्यामुळे आणखी जालीम औषध दिलं की ज्यांच्याकडे वर्तुळ नाही तेवढे मरतात आणि मैदान उरलेल्यांना मोकळं मिळतं. साथ आटोक्यात आणायची तर जंतू मारण्याइतकंच त्याची वाट बंद करणं महत्त्वाचं.

ती वाट शोधणं हे खरं गुप्तहेराचं काम. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या रोझी रुग्णालयात 2011 साली बाळांच्या विभागात एमआरएसए हा हट्टी जंतू फिरत होता. विभाग घासूनपुसून स्वच्छ केला, 64 दिवस सगळं शांत, आणि मग पुन्हा एक बाळ. योगायोग की तीच साथ? जंतूंचा पूर्ण जनुकीय आराखडा वाचून एकमेकांशी ताडला तेव्हा तीच साथ निघाली. मग 154 कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. त्यातल्या एकाच्या अंगावर तो जंतू होता, नकळत. उपचार करून ती वाट बंद केली.

रोजची लढाई याहून फार साधी आहे, आणि मला तीच जास्त अवघड वाटते. अल्कोहोलचं द्रावण तळहातावर घ्यायचं, बोटांच्या फटींत, अंगठ्याभोवती, नखांच्या टोकांना चोळायचं, सुकेपर्यंत थांबायचं. हुकतात ते नेमके अंगठा आणि नखं. एका नर्सकडे अनेक बाळं असली की प्रत्येक बाळाआधी आणि नंतर हेच. घड्याळ, अंगठी, बांगडी बाहेर काढून ठेवायची.

वाट बंद करण्याबरोबर भल्या जंतूंना बळ देणंही आलं. त्यासाठी आता मुंबईतल्या शीवला येऊ. लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदूध पेढी सुरू केली. ज्या आईला दूध पुरेसं येत नाही तिच्या बाळाला दुसऱ्या आईचं दूध. ते 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात, झटकन थंड करतात, जंतुतपासणी करून गोठवतात. एरवी गाईच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारत खातो, आणि कित्येक घरांत बाळंतिणीचा चीक मात्र पिळून टाकायची रीत होती!

आईच्या दुधात सुमारे 200 प्रकारच्या अशा साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. आई मग त्या कशाला बनवते? बाळाच्या आतड्यातल्या भल्या जंतूंसाठी. तापवल्यावरही त्या टिकतात.

स्वतःच्या आईच्या ताज्या दुधात याहून नवलाची गोष्ट आहे. आई वॉर्डात बसते तेव्हा तिथले जंतू तिच्याही पोटात जातात. तिच्या आतड्यातल्या पेशी त्यांना ओळखतात, त्यातल्या काही रक्तावाटे स्तनापर्यंत पोचतात आणि तिथे त्याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं दुधात सोडतात. म्हणजे त्या खोलीत आज जे फिरतंय त्यावरचं संरक्षण त्याच खोलीत बसलेली बाई तयार करते.

हे खरं तर तिला आत घ्यायचंच कारण झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2021 साली आले. जन्मल्याबरोबर बाळ आईच्या छातीवर आणि आई त्याच विभागात, अशी व्यवस्था केलेल्या गटात मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले; संसर्गाची शंका येण्याचं प्रमाणही घटलं. एवढं कळूनही बहुतेक ठिकाणी आई ठरलेल्या वेळी येऊन जाणारी पाहुणीच. नवा विभाग बांधताना पेट्यांच्या आधी आयांच्या खाटांची जागा आखायला हवी, एवढं तरी आर्किटेक्टला सांगता येईल.