न वाचायच्या ओळींची यादी

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी करोनाच्या पत्रकार परिषदेत डॉक्टर-नर्सेसच्या जोडीला कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणारे स्वयंसेवकही मागितले. बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला होता आणि तो पेलणारी संगणक यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी होती. बऱ्याच जणांना ही बातमी वाचून हसू आलं. पुण्या-मुंबईत १९९० च्या दशकात मेनफ्रेमवर घासलेल्या आमच्या पिढीला त्यात नवल वाटलं नाही. खरं सांगायचं तर कोबोल शिकायला फार दिवस लागत नाहीत. अडतं ते दुसरीकडेच. समोरचा प्रोग्रॅम नेमकं काय करतो, हे सांगणारा माणूस निवृत्त झालेला असतो आणि त्याने लिहिलेली फाइल सापडत नाही. सापडली तरी ती प्रोग्रॅमशी जुळत नाही.

कोबोल १९५९-६० ची. अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेची तिच्यावर मोठी छाप आहे. हिशेबनिसालाही वाचता यावी म्हणून तिची वाक्यं इंग्रजी वळणाची ठेवली. प्रोग्रॅमचे चार भाग: आयडेंटिफिकेशन, एन्व्हायर्नमेंट, डेटा आणि प्रोसिजर डिव्हिजन. ओळ ८० रकान्यांची, कारण पंचकार्डाचे रकाने ८०. पहिले सहा रकाने अनुक्रमांकाचे, सातव्यात चांदणी टाकली की ती ओळ म्हणजे नुसता शेरा, आठव्यापासून बहात्तराव्यापर्यंत मजकूर. ७३ ते ८० हे रकाने कंपायलर विचारातच घेत नाही. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

इतक्या शिस्तीच्या भाषेत गुंता होतो कुठे? समजा, पेन्शनच्या प्रोग्रॅममध्ये जन्मतारीख सहा अंकी आहे: वर्षाचे दोन, महिन्याचे दोन, दिवसाचे दोन. ही तारीख एका मोठ्या गटाबरोबर 'डब्ल्यूएस-टेम्प-३' नावाच्या जागेत मूव्ह होते. तिथे 'रीडिफाइन्स' लावलेलं आहे, म्हणजे त्याच बाइट्सना दुसरं नाव आणि दुसरी फोड. त्या दुसऱ्या नावाचे पहिले दोन अंक चारशे ओळींनंतर एका वजाबाकीत जातात. या सगळ्या वाटेवर 'डेट' किंवा 'इयर' हा शब्द एकदाही येत नाही. शब्द शोधत बसणाऱ्याला ही वजाबाकी दिसणारच नाही. विश्लेषण करणारं साधन नावाच्या भरवशावर राहत नाही. कोणता बाइट कुठून निघाला आणि कुठे पोचला, याचा ते माग काढतं. याला डेटा-फ्लो अॅनालिसिस म्हणतात. दोन अंकी वर्षांमुळे आलेल्या २००० सालच्या वायटूकेच्या संकटात तारखा शोधताना या तंत्राचा मोठा आधार झाला.

महाराष्ट्रात मात्र या कामाची सुरुवात वायटूकेच्या कितीतरी आधी झाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ ची आणि पुढे तिचं नेतृत्व केलेले फकीरचंद कोहली तिथे १९६९ साली आले. १९७४ च्या सुमारास कंपनीला अमेरिकेतल्या बरोज कंपनीचं काम मिळालं. रुग्णालयांसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर बरोजच्या मध्यम आकाराच्या संगणकांवरून तिच्याच लहान संगणकांवर न्यायचं होतं. दोन्हीकडे कोबोलच, पण बोली वेगळी. मुंबईत हाताशी होता आयसीएलचा १९०३ संगणक, म्हणजे तिसऱ्याच कंपनीचा. मग त्या मशीनवर एक 'फिल्टर' लिहिलं गेलं, जे एका बोलीतला कोबोल वाचून दुसऱ्या बोलीत उतरवत असे. प्रोग्रॅमला प्रोग्रॅमकडूनच वाचून घ्यायची ही युक्ती गरजेपोटी सुचली होती. मला तरी आपल्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या इतिहासातला हा सगळ्यात रंजक भाग वाटतो, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पुढे १९८१ साली पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर सुरू झालं. जुने प्रोग्रॅम तपासणारी साधनं हा तिथल्या संशोधनाचा एक मोठा विषय होता. पवईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे कंपायलरवर काम करत होते. त्यांनी आणि उदय खेडकर यांनी डेटा-फ्लोच्या सिद्धांतावर १९९४ साली महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं याच विषयावरचं पुस्तक २००९ साली आलं. हा सिद्धांत कोबोलपुरता नाही, पण कोबोलचा गुंता सोडवणारी साधनं उभी राहतात ती याच पायावर.

असं साधन विकत घेतलं की ते आपल्याला प्रोग्रॅम 'समजावून सांगेल', अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. माझ्या मते त्याचा खरा उपयोग उलटा आहे: काय वाचायची गरज नाही, ते त्याने सांगावं. मार्क वायझर या अमेरिकन संशोधकाने १९८१ साली 'प्रोग्रॅम स्लायसिंग' मांडलं. एक ओळ आणि तिथलं एक नाव द्या, म्हणजे त्या किमतीवर ज्या ओळींचा परिणाम होऊ शकतो तेवढ्याच ठेवून बाकीच्या गाळल्या जातात. चूक शोधताना अनुभवी प्रोग्रॅमर डोक्यात नेमकं हेच करतात, असंही वायझरने दाखवून दिलं. रात्री दोन वाजता 'सॉक-सेव्हन' आला, म्हणजे अंकांच्या जागी भलताच मजकूर सापडून बॅच पडली, की पाच हजार ओळी वाचायला वेळ कोणाकडे असतो? त्या घरात कचरा आला कुठून, एवढंच हवं असतं.

आमच्या नंदुरबारकडच्या सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणकार मालकाचं सगळं वर्णन ऐकून घेतो आणि मग घोड्याचं तोंड उघडून दात बघतो. जुन्या प्रोग्रॅमबरोबर आलेल्या दस्तऐवजांच्या बाडाशीही तसंच वागावं. बाड लिहून झाल्यावर प्रोग्रॅम कैक वेळा बदललेला असतो. म्हणून आधी कोडमधूनच काढून घ्यायचं: कोणता जॉब कोणता प्रोग्रॅम चालवतो, कोणती फाइल कोण वाचतं आणि कोण लिहितं, कोणतं कॉपीबुक, म्हणजे सामायिक मजकुराचा तुकडा, किती ठिकाणी वापरलंय. आणि हो, तारखांच्या खिडक्या. वायटूकेत अनेकांनी वर्ष चार अंकी करण्याऐवजी एक सीमा ठरवली. उदाहरणार्थ, ५० च्या खालचे अंक विसाव्या शतकातले न मानता २००० च्या पुढचे मानायचे. एका प्रोग्रॅममध्ये सीमा ५० आणि शेजारच्या प्रोग्रॅममध्ये ३० असेल, तर '४०' म्हणजे इकडे २०४० आणि तिकडे १९४०. गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०४० साली असेल तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. अशा सीमांची यादी हातात असणं म्हणजे निम्मं काम झालं.

साधनांना मर्यादाही आहेत. जुन्या कोबोलमध्ये 'ऑल्टर' नावाचं क्रियापद होतं. एका ठिकाणी लिहिलेलं 'गो टू' दुसऱ्या ठिकाणाहून, तेही प्रोग्रॅम चालू असताना, भलतीकडे वळवता यायचं. वाचणाऱ्याला ओळीत एक गाव दिसतं आणि गाडी जाते दुसऱ्याच गावाला. २००२ च्या मानकातून ते काढून टाकलं, तेव्हा कोणाला वाईट वाटलं असेल असं वाटत नाही. दुसरी अडचण म्हणजे 'कॉल'. कोणता प्रोग्रॅम बोलवायचा त्याचं नाव फाइलमधून येत असेल, तर नुसता कोड वाचून ते कळत नाही. मग साधन एखाद्या प्रोग्रॅमला 'कोणीच बोलवत नाही' असा शिक्का मारतं, आणि तो ३१ मार्चच्या रात्री बिनबोभाट आपलं काम करत असतो. म्हणून काहीही 'मृत' ठरवण्याआधी मेनफ्रेमच्या एसएमएफ नोंदी, म्हणजे काय कधी चाललं त्याच्या नोंदी, पूर्ण आर्थिक वर्षाच्या मागवाव्यात. महिन्याभराच्या नोंदींवर विसंबणं म्हणजे आगीशी खेळ.

आता ७३ ते ८० चे रकाने. बदल करणारे प्रोग्रॅमर तिथे आपली आद्याक्षरं, तारीख किंवा मागणीचा क्रमांक टाकून ठेवत. कंपायलर ते बघत नाही, म्हणून काही साधनंही ते आधीच छाटून टाकतात. हे करू देऊ नका. हा बदल का केला, याचा धागा पुष्कळदा तेवढाच उरलेला असतो. एकाच खुणेच्या ओळी निरनिराळ्या प्रोग्रॅममधून एकत्र केल्या की एखाद्या जुन्या परिपत्रकाचा अख्खा परिणाम समोर मांडला जातो. निवृत्त माणसाला भेटायला जाताना असा कागद न्यावा. "हे का केलं होतं?" या प्रश्नापेक्षा त्याला स्वतःची आद्याक्षरं लवकर ओळखू येतात.

हल्ली भाषा-मॉडेलं कोबोल वाचून सफाईदार परिच्छेद लिहून देतात. उपयोग आहे, नाही असं नाही. पण ती नावांवर फार विश्वास टाकतात. जन्मवर्षाचं नाव असलेल्या घरात कोणी नोकरीला लागल्याचं वर्ष ठेवलं असेल, तर मॉडेल ते जन्मवर्षच आहे असं ठासून सांगण्याची शक्यता मोठी. त्यामुळे एकच अट घालावी: दस्तऐवजातल्या प्रत्येक विधानापुढे ओळीचा क्रमांक हवा, आणि तो पार्सरने, म्हणजे कोडची फोड करणाऱ्या साधनाने, काढलेल्या मागाशी ताडून पाहिलेला हवा.

शहादा-नंदुरबारकडच्या कॉलेजातल्या मुलांना यात हात घालायचा असेल तर महागडं काही लागत नाही. ग्नूकोबोल हा कंपायलर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, आयबीएमची बोलीही बऱ्यापैकी समजून घेतो आणि कोणतं नाव कोणकोणत्या ओळींवर आलंय त्याची यादी स्वतःच काढून देतो. सुरुवात निव्वळ बॅच प्रोग्रॅमने करावी. सीआयसीएस या आयबीएमच्या व्यवहार-यंत्रणेच्या पडद्यांची वाक्यं मध्ये आली की तो अडतो, आणि ती आधी वेगळी काढून ठेवावी लागतात.