उत्तर देण्याची रीत

आपल्या चळवळीत लेख लिहिणाऱ्यांची आता वाण नाही. वाण आहे ती उत्तर देणाऱ्यांची. कोणी एखादा विचार मांडला की त्यावर दहा जण तुटून पडतात, दहा जण त्याची पाठराखण करतात. पण मूळ विधान काय होते, ते खरे की खोटे, त्याला आधार काय, हे विचारणारा त्या वीस जणांत क्वचितच सापडतो. प्रतिक्रिया आणि उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिक्रिया माणसाला दिली जाते, उत्तर विधानाला. हा फरक सुटला की वाद म्हणजे केवळ बाजू मोजण्याचा खेळ होतो, आणि या खेळात ज्यांची संख्या व सत्ता मोठी त्यांचाच जय होणार हे उघड आहे. म्हणूनच उत्तर देण्याच्या रीतीचा विचार दलितांनी अधिक गांभीर्याने करायला हवा.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्याच्या शोधासाठी चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे मोडून काढण्यासाठी चालते ती वितंडा. वर्गीकरण चांगले आहे. उत्तरपक्ष मांडण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून नीट मांडावे, ही शास्त्रार्थाची प्रथाही चांगली आहे. प्रश्न एवढाच की, त्या शास्त्रार्थात बसायला मिळत कोणाला होते? ज्याला वेदाचा शब्द कानावर पडू देण्याचीही बंदी, त्याचा पूर्वपक्ष कोण मांडणार? वादाचे नियम कितीही उदात्त असले तरी वादाच्या जागेत प्रवेश कोणाला, हे ठरवणारा नियम त्यांच्याही आधीचा असतो. ग्रंथांत तो वेगळा लिहिलेला नसतो, एवढेच.

या बाबतीत बौद्ध परंपरेतील 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ अधिक स्पष्ट बोलतो. राजा मिलिंद चर्चेची इच्छा व्यक्त करतो तेव्हा नागसेन त्याला आधी एक अट घालतो. पंडितांच्या रीतीने बोलणार असशील तर बोलू, राजाच्या रीतीने बोलणार असशील तर नाही. पंडित एकमेकांची चूक दाखवतात, ती मान्यही करतात, आणि त्यावरून रागावत नाहीत; राजा मात्र आपल्या मताविरुद्ध बोलणाऱ्याला दंड करतो. राजा ही अट मान्य करतो आणि मगच चर्चा सुरू होते. चर्चेत उतरणाऱ्या दोघांची ताकद सारखी नसेल तर ताकदवानाने आधी आपली ताकद बाहेर ठेवावी, ही ती अट आहे. आपल्याकडे ती फार थोड्यांनी पाळली.

प्रस्थापितांचे पहिले उत्तर बहुधा मौनाचे असते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. ज्याचे अस्तित्वच मान्य नाही, त्याला उत्तर कसले द्यायचे? पुढे महाडच्या सत्याग्रहानंतर मात्र मौन टिकले नाही. पुण्याच्या 'भाला' पत्राने अस्पृश्यांना दटावणीची भाषा वापरली, आणि ३ एप्रिल १९२७ पासून सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'मधून बाबासाहेबांनी तिचा समाचार घेतला. दटावणी ही देखील एक प्रकारची कबुलीच असते. समोरचा बोलू लागला आहे हे त्यातून मान्य होते.

त्याही आधीची दोन उदाहरणे आठवावीत. १८८५ साली पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्या. रानडे यांनी जोतीराव फुल्यांना पाठवले. जोतीरावांनी ते नाकारले, पण गप्प राहून नव्हे. का येत नाही हे त्यांनी पत्राने कळवले आणि ते पत्र 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. जे लोक माणसांचे हक्क माणसांना उघडपणे द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभेचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय होता. नकारालाही कारणे द्यावी लागतात, आणि कारणे दिलेला नकार हे उत्तरच असते, हे या पत्रातून शिकण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण ताराबाई शिंदे यांचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचे निमित्त करून 'पुणेवैभव'ने समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक केली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून तिला उत्तर दिले. स्त्रियांवर जो जो दोष लादला जातो तो पुरुषांत आहे की नाही, हे त्यांनी एकेक करून तपासले. पुस्तकाचे नावच त्यांच्या पद्धतीचे नाव आहे. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आपल्यापर्यंत आलेले नाही. उत्तर देणाऱ्याच्या पाठीशी एक माणूस असून भागत नाही.

पण उत्तराच्या रीतीचा खरा धडा घ्यायचा तर तो १९३६-३७ सालच्या वादातून घ्यावा लागेल. तो तपशिलाने पाहू.

लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने डिसेंबर १९३५ मध्ये बाबासाहेबांना आपल्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदाचे निमंत्रण दिले. मंडळ सवर्ण हिंदू सुधारकांचे होते, आणि संतराम हे त्याचे चिटणीस होते. येवल्याची घोषणा दोनच महिन्यांपूर्वी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झालेली. भाषण लिहून तयार झाले, मंडळींनी ते वाचले, आणि कुरबूर सुरू झाली. वेदांचा उल्लेख नको, धर्माच्या मुळाशी घाव घालणारा भाग गाळा, हिंदू म्हणून हे आपले शेवटचे भाषण असे म्हणू नका. २७ एप्रिल १९३६ च्या पत्रात बाबासाहेबांनी कळवले की स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण मे महिन्यात स्वखर्चाने छापले, पंधराशे प्रती, किंमत आठ आणे. पुस्तकाच्या आरंभी मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही छापला. मंडळाची पत्रे मंडळाच्याच शब्दांत. आपल्याला नाकारणाऱ्याचे म्हणणे लपवायचे नाही, ते वाचकापुढे ठेवायचे, ही त्या पुस्तकाची पहिल्या पानापासूनची रीत आहे. दोन महिन्यांत सर्व प्रती संपल्या.

जुलै १९३६ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी दोन लेख लिहून या पुस्तकाची दखल घेतली. ही दखल घेणे सामान्य गोष्ट नव्हती, हे मान्य केले पाहिजे. स्वागत समितीने आपणच निवडलेल्या अध्यक्षाला नाकारले हे चूक झाले, असे त्यांनी म्हटले. कोणत्याही सुधारकाने हे भाषण डावलू नये असेही म्हटले. एवढेच नव्हे, तर पुस्तकाची किंमत आठ आण्यांवरून दोन आणे, निदान चार आणे करावी, अशी सूचना केली. हा गांधीजींचा खास व्यवहारीपणा! पुस्तकाशी मतभेद ठेवून ते स्वस्त करा असे सांगणारा टीकाकार विरळाच.

यानंतर त्यांचे म्हणणे येते. छापील सगळेच ग्रंथ प्रमाण मानता येणार नाहीत, डॉ. आंबेडकरांनी संशयास्पद वचने निवडली. शास्त्रांचा अर्थ पंडितांनी नव्हे, संतांनी लावावा. जातीचा धर्माशी संबंध नाही. वर्ण निराळा आणि जात निराळी. वर्ण म्हणजे वडिलोपार्जित व्यवसायाने पोट भरावे हा नियम, आणि सर्व व्यवसाय सारख्याच दर्जाचे. धर्माची पारख त्याच्या अधम अनुयायांवरून नव्हे, तर चैतन्य, ज्ञानदेव, तुकाराम यांच्यासारख्या श्रेष्ठांवरून करावी.

आता उत्तर पहा. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी परिशिष्टे जोडली. पहिल्यात गांधीजींचे लेख छापले, दुसऱ्यात आपले उत्तर. इतरही पुष्कळांनी टीका केली होती. तिला उत्तर न देता एकट्या गांधीजींनाच का द्यायचे, हेही त्यांनी प्रस्तावनेत सांगितले. त्यांचे म्हणणे वजनदार आहे म्हणून नव्हे, तर असंख्य हिंदूंना त्यांचा शब्द देववाणीसारखा वाटतो म्हणून. उत्तर कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, याची निवड हाही उत्तराचा भाग आहे. प्रत्येक भुंकणाऱ्याच्या मागे धावणारा कार्यकर्ता कधीच मुक्कामाला पोचत नाही.

उत्तराच्या आरंभी बाबासाहेब आभार मानतात. मग भाषण छापण्यामागे प्रसिद्धीचा हेतू असावा, या सूचनेचा ते निकाल लावतात, आणि तोही थोडक्यात. हेतूच्या आरोपावर पाने खर्च करायची नसतात. त्यानंतर ते जे करतात ते सर्वांत महत्त्वाचे आहे. स्वतःच्या भाषणातील मुख्य सिद्धांत ते पुन्हा ओळीने मांडतात. जातीने हिंदूंचा नाश केला. चातुर्वर्ण्याच्या पायावर समाजाची पुनर्रचना अशक्य आहे, आणि ती अनिष्टही आहे, कारण ती बहुजनांना ज्ञान व शस्त्र यांपासून दूर ठेवते. स्वातंत्र्य, समता, बंधुता यांवर समाज उभारायचा तर जातीमागचे धार्मिक पावित्र्य नष्ट केले पाहिजे, आणि ते शास्त्रांचे ईश्वरी प्रामाण्य नाकारल्याखेरीज होणार नाही. यांपैकी कशाला महात्म्याने हात घातला आहे? मुख्य प्रश्न बाजूलाच राहिला, हे ते नुसते म्हणत नाहीत. दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचकाला ते दिसेल असे करतात.

आणि तरीही ते तिथे थांबत नाहीत. गैरलागू मुद्द्यांनाही एकेक करून उत्तर देतात, कारण ते लोकांच्या मनात घर करून बसतात. वचने संशयास्पद म्हणता? ती सर्व लोकमान्य टिळकांच्या लेखनातून घेतलेली आहेत. वादात प्रमाण कोणाचे द्यावे, तर समोरच्या पक्षाला जे नाकारता येणार नाही त्याचे! शास्त्रांचा खरा अर्थ संत जाणतात? असेल, पण सामान्य माणसाला ग्रंथातले खरे आणि घुसडलेले यांतला भेद कळत नाही, त्याला जे शिकवले गेले तेच तो मानतो. संतांनी देवापुढची समता सांगितली, जातीवर हल्ला चढवला नाही. श्रेष्ठांवरून धर्म पारखा? मग श्रेष्ठ इतके थोडे आणि वाईट इतके पुष्कळ का, हा प्रश्न उरतोच. गांधीजींच्या युक्तिवादाला भेदणारा याहून सोपा प्रश्न माझ्या तरी वाचनात नाही.

या उत्तराचा एक भाग काहींना खटकतो. वडिलोपार्जित व्यवसायाचा उपदेश करणारे स्वतः वाणी कुळातले, पण त्यांनी तराजू कधी हाती धरला नाही. वाडवडील दिवाणगिरीत, ते स्वतः वकिलीत. धाकट्या मुलाचा विवाह ब्राह्मण कन्येशी. हे वैयक्तिक झाले नाही काय? झाले, पण आगाऊ नव्हे. 'प्रत्येकाने असे वागावे' असा नियम जो सांगतो, त्याचे वागणे हा त्या नियमाचाच पुरावा असतो. गांधीजींच्या घराण्याने व्यवसाय बदलला म्हणून बाबासाहेब त्यांना दोष देत नाहीत. नियम पाळण्याजोगा नाही हे त्यांच्याच आयुष्यावरून दाखवतात. व्यक्तीवर घसरणे आणि व्यक्तीचे आचरण पुराव्यात आणणे, या दोहोंमधील अंतर आपल्या तरुण मित्रांनी येथे नीट पाहावे. आपल्याकडे पहिल्याचाच सुकाळ आहे.

याच वादात संतरामांनीही गांधीजींना पत्र लिहून वर्ण आणि जात यांतला भेद व्यवहारात निरर्थक असल्याचे सांगितले. त्याला गांधीजींनी ऑगस्टमध्ये 'हरिजन'मधूनच उत्तर दिले. जात म्हणजेच वर्ण, आणि वर्ण हा शास्त्रांचा अविभाज्य भाग असेल, तर तो नाकारणारा स्वतःला हिंदू कसा म्हणवतो, असे त्यांनी विचारले. प्रश्न संतरामांना अडचणीत आणण्यासाठी होता. पण येवल्याचा निर्णय ज्या तर्काने झाला, तोच तर्क त्यात होता!

स्वातंत्र्यानंतरही या पद्धती बदलल्या नाहीत. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रीची विटंबना झाली होती; त्या गुन्ह्याची शिक्षा आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा यांची तुलना लेखात होती. गदारोळ झाला तो ध्वजाविषयीच्या शब्दांवर. ब्राह्मणगावच्या त्या स्त्रीला न्याय का मिळाला नाही, या प्रश्नाला उत्तर देण्याची तसदी त्या मानाने थोड्यांनी घेतली. भाषेला उत्तर देऊन आशयाला बगल देणे ही फार जुनी युक्ती आहे. 'मुद्दा बरोबर आहे, पण शब्द जरा सौम्य हवे होते' असे म्हणणाऱ्याला एकच विचारावे: सौम्य शब्दांत मांडला तेव्हा तुम्ही तो ऐकला होता काय?

आज वाद बहुतांशी हातातल्या मोबाईलवर चालतात. उत्तर अर्ध्या मिनिटात जाते, आणि ज्याला ते जाते त्याच्यापेक्षा ते पाहणाऱ्यांसाठीच अधिक लिहिलेले असते. समोरच्याची एक ओळ उचलायची, मागचे पुढचे सोडून द्यायचे आणि तिच्यावर हसायचे. हे आपल्याविरुद्ध होते तेव्हा आपल्याला कळते. आपण करतो तेव्हा कळत नाही. शिवाय आपल्यापैकी काहींनी बाबासाहेबांचे नाव हेच उत्तर मानले आहे. 'बाबासाहेबांनी म्हटले आहे' असे म्हटले की संपले! ज्या माणसाने ग्रंथप्रामाण्याविरुद्ध एवढा झगडा केला, त्याचेच ग्रंथ प्रमाण म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर फेकायचे, याला काय म्हणावे?

महाविद्यालयातल्या अभ्यासमंडळांना एक सुचवावेसे वाटते. 'जातिनिर्मूलन' पुष्कळांनी वाचलेले असते, परिशिष्टे फार थोड्यांनी. तेव्हा वाचन मागून सुरू करावे. एका विद्यार्थ्याने गांधीजींचे लेख मोठ्याने वाचावेत, आणि वाचताना कोणी मध्ये बोलू नये. मग त्यांचे म्हणणे गांधीजींनाही मान्य व्हावे असे फळ्यावर लिहावे. हे काम वाटते तितके सोपे नाही. पहिल्या खेपेला निम्म्या ओळी टिंगलीच्या निघतात, त्या पुसाव्या लागतात. फळा भरला की बाबासाहेबांचे उत्तर उघडावे आणि कोणत्या ओळीला कोठे उत्तर मिळाले आहे ते शोधावे. मूळ भाषण त्यानंतरच्या बैठकीला घ्यावे.