लटकी कात्री

पूर्वी चित्रपट जुळवायला खरोखरच कात्री लागे. सेकंदाला २४ चित्रे असलेली ती फीत कापायची, टोके डकवायची. सांध्यात एखादे चित्र वायाही जाई. आता शॉटकट, केडेनलाइव्ह असे प्रोग्राम संगणकासाठी फुकट मिळतात. पण त्यांतली कात्री लटकी आहे, हे शिकणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

समजा, वर्गात मटकीला मोड येतानाचे चित्रण तुम्ही मोबाइलवर केलेत. त्यातला अर्धा भाग टाइमलाइनवर कापलात, तरी मूळ फाइलला ओरखडाही उमटत नाही. प्रोग्राम नुसते टिपण ठेवतो : अमुक फाइल, अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंत दाखवावी. तेव्हा चुकायला भिऊ नका. तुकड्याचे टोक ओढले, की कापलेला भाग परत येतो.

तुम्ही म्हणाल, मग बरेच झाले! पण प्रोजेक्ट म्हणून आपण जतन करतो त्यातही असते ते हे टिपणच. मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून मूळ चित्रण पुसलेत, तर टिपण राहील आणि मटकी जाईल! पुष्कळ हौशी मंडळी इथेच फसतात. म्हणून सारे चित्रण आधी संगणकावर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या, मग तिथून हलवू नका. आणि एक्सपोर्ट केलेली फाइल शेवटपर्यंत पाहिल्यावाचून काही पुसू नका.