सेना आणि स्त्री — लेखांक चौथा : शिस्त कोणाच्या रक्षणासाठी?

1992 साली पाच वर्षांच्या मुदतीवर सेनेत दाखल झालेल्या स्त्री-अधिकाऱ्यांचा कायम नेमणुकीचा हक्क 17 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसा मान्य केला, हे आपण गेल्या लेखांकात पाहिले. परंतु हुद्द्याचा प्रश्न सुटला म्हणजे सहवासाचा सुटला असे नव्हे. म्हणून सेनेत कोणते वर्तन अनुचित मानले जाते, आणि ते का, याचा विचार आज करावयाचा आहे.

1950 च्या सेना अधिनियमाच्या 45 व्या कलमान्वये, आपल्या पदाला आणि आपणाकडून अपेक्षित असलेल्या शीलाला न शोभणारे वर्तन करणारा अधिकारी लष्करी न्यायालयात दोषी ठरल्यास अप्रतिष्ठेसह बडतर्फीस पात्र होतो. अशोभनीय ते काय, हे कलम सांगत नाही. ती उणीव रूढीने भरून काढली, आणि ती रूढी घडली तेव्हा, परिचारिका व डॉक्टर वगळता, लष्करी जीवनात स्त्रीला स्थान होते ते अधिकाऱ्याची पत्नी म्हणून. साहजिकच, सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीचा स्नेह हिरावून घेतल्याचा आरोप याच कलमाखाली ठेवला जाऊ लागला. त्यात अन्याय मानला गेला तो पतीवरचा. भारतीय दंडसंहितेच्या व्यभिचारविषयक 497 व्या कलमाची बैठकही हीच होती, कारण पतीची अनुमती असेल तर त्यात अपराधच उरत नसे. ते कलम 27 सप्टेंबर 2018 रोजी घटनाबाह्य ठरले, तेव्हा घरापासून दूर, सीमेवर राहणाऱ्या जवानांच्या मनातील चिंतेकडे बोट दाखवून केंद्र सरकारने खुलासा मागितला. आणि सेनादलांच्या स्वतंत्र अधिनियमांखालील कारवाईला त्या निर्णयाची आडकाठी नाही, असे घटनापीठाने 31 जानेवारी 2023 रोजी स्पष्ट केले.

कारवाईचा अधिकार अशा रीतीने अबाधित राहिला. तिचे अधिष्ठान मात्र आता बदलले पाहिजे. ज्याच्या हाती कनिष्ठाची रजा, बदली आणि वार्षिक गोपनीय अहवाल असतो, त्याच्या सलगीला दिलेला होकार कितपत स्वेच्छेचा, हा खरा प्रश्न आहे, आणि वरिष्ठ पुरुष असो वा स्त्री, तो तितकाच लागू पडतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या अधिनियमाने चौकशी-समितीचे अध्यक्षपद ज्येष्ठ स्त्रीकडे दिले, निम्म्याहून कमी नसतील इतक्या सदस्य स्त्रियाच असाव्यात असे ठरविले आणि एक सदस्य बाहेरचा घेण्याचे बंधन घातले, ते याच जाणिवेतून. कारण हुकुमाच्या उतरंडीत तक्रार बहुधा त्याच वरिष्ठाच्या मेजावर पोहोचते.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मे 2025 मध्ये 17 तरुणींची पहिली तुकडी पुरुष छात्रांच्या बरोबरीने बाहेर पडली. पतीच्या मानापेक्षा कनिष्ठाचा विश्वास राखणे हे शिस्तीचे पहिले कर्तव्य होय, ही गोष्ट त्यांच्या पिढीसाठी तरी रूढीवर न सोडता नियमांत स्वच्छ शब्दांनी लिहिली गेली पाहिजे. वैद्यकीय पात्रतेच्या वादग्रस्त निकषांचा विचार पुढील लेखांकात करू.