चुंबकीय सूक्ष्मकणांच्या पृष्ठभागाचे रासायनिक रूपांतरण : उल्हास खोऱ्यातील पाण्याच्या संदर्भात

प्रस्तावना

सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी कर्जतकडून वाहत कुळगाव-बदलापूरला येते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण-डोंबिवली या शहरांची तहान मोठ्या प्रमाणावर याच खोऱ्यातील पाण्यावर भागते. रंग, औषधी द्रव्ये आणि अन्य रसायने बनविणाऱ्या कारखान्यांच्या बदलापूर व अंबरनाथ येथील औद्योगिक वसाहतीही याच खोऱ्यात वसलेल्या आहेत. अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावणारी वालधुनी तेथील इ.स. १०६० मधील शिवमंदिराच्या शेजारून वाहत उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये या नदीत टँकरमधून सोडलेल्या रासायनिक सांडपाण्यामुळे विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल संबंधित यंत्रणांना मोठा आर्थिक भुर्दंड सुनावला.

अशा परिसरात चुंबकीय कणांनी पाणी स्वच्छ करण्याची कल्पना आकर्षक वाटणे साहजिक आहे. पाण्यात काळी पूड टाकावी, ढवळावे, भांड्याबाहेरून लोहचुंबक लावावा आणि प्रदूषकासह पूड बाजूला काढावी, इतके ते सोपे भासते. कल्पना चुकीची नाही, पण अपुरी आहे. लोहचुंबक ओढतो तो कणाला, प्रदूषकाला नव्हे. प्रदूषक कणाला चिकटेल किंवा नाही, हे कणाच्या पृष्ठभागावर कोणते रासायनिक गट आहेत यावर ठरते. हे गट कसे बसविले जातात, ते किती टिकतात आणि त्यांच्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा रास्त ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कणाची घडण

या कणांचा गाभा बहुधा मॅग्नेटाइट या लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा असतो. फेरस व फेरिक क्षारांचे एकास दोन या प्रमाणातील द्रावण अमोनियाने अल्कधर्मी केले की काही क्षणांतच काळा अवक्षेप मिळतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मासार यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेतही सहज करता येते. फक्त हवेतील प्राणवायूने फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणून द्रावणातून नायट्रोजन सोडावा लागतो. येथे मिळणारे स्फटिक सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे असतात. एवढ्या लहान आकारात मॅग्नेटाइट एक वेगळाच गुण दाखवितो. चुंबकीय क्षेत्र असेपर्यंत तो ओढला जातो आणि क्षेत्र काढताच त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत आणि पुन्हा पाण्यात पसरता येतात.

अडचण अशी की एकट्या स्फटिकावर लागणारे बल फार क्षीण असते. हे बल घनफळाच्या प्रमाणात वाढते आणि १ मायक्रोमीटर व्यासाच्या गोलकाचे घनफळ १० नॅनोमीटर गोलकाच्या दहा लाख पट असते. म्हणून असे असंख्य स्फटिक बहुवारिकाच्या किंवा सिलिकाच्या एकाच गोलकात कोंडून १ ते ५ मायक्रोमीटर आकाराचे सूक्ष्मकण बनविले जातात. नॉर्वेतील जॉन उगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकात अगदी एकसारख्या आकाराचे पॉलिस्टायरीनचे गोलक तयार करण्याची रीत शोधली. पुढे त्यांच्या छिद्रांत लोहाचे ऑक्साइड भरण्यात आले आणि जैवरसायनशास्त्रातील विलगीकरणाला नवे साधन मिळाले.

सिलिकाचे कवच आणि त्यावरील गट

उघडा मॅग्नेटाइट आम्लात विरघळतो आणि हवेत हळूहळू बदलतो. यासाठी त्यावर सिलिकाचे कवच चढवितात. स्टोबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट हे द्रव्य अल्कोहोल, पाणी व अमोनिया यांच्या मिश्रणात सावकाश जलविच्छेदित होते आणि सिलिकाचा थर कणावर साचतो. या थराच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट, म्हणजे सिलॅनॉल, असतात. पूर्णपणे जलयुक्त सिलिकावर त्यांची संख्या दर चौरस नॅनोमीटरला सुमारे ५ इतकी असते. पुढची सारी रचना या गटांवर उभी राहते.

काही कामांना हे सिलॅनॉल जसेच्या तसे पुरतात. बूम व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले की ग्वानिडिनियम थायोसायनेटच्या दाट द्रावणात केंद्रकाम्ले सिलिकाला घट्ट धरून राहतात आणि क्षार धुऊन टाकले की शुद्ध पाण्यात मोकळी होतात. २०२० च्या महासाथीत असंख्य नमुन्यांतील विषाणूचे आरएनए याच तत्त्वावर वेगळे करण्यात आले. तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने त्या वर्षी अशा कामासाठी चुंबकीय कणांचा देशी संच विकसित केला. येथे कवच अखंड असणे फार महत्त्वाचे असते, कारण गाभ्यातून झिरपलेले लोह पुढील आरएनए-वर्धनाची अभिक्रियाच रोखू शकते.

जड धातूंसाठी मात्र सिलॅनॉल दुबळे ठरतात. त्यांच्या जागी अमाइन, कार्बॉक्सिल, थायॉल किंवा इमिनोडायॲसिटेट असे गट आणावे लागतात. अमाइनसाठी सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य म्हणजे अमिनोप्रोपिलट्रायइथॉक्सिसिलेन. या रेणूचे एक टोक सिलॅनॉलशी संघनन पावून सहसंयुज बंधाने कणावर रुजते व दुसऱ्या टोकाचा अमाइन गट पाण्याकडे मोकळा राहतो. अभिक्रिया शुष्क टोल्युइनमध्ये केली तर थर पातळ व एकसारखा येतो. ओलावा अधिक असेल तर हे रेणू पृष्ठभागाशी न जुळता आपापसांतच जुळतात आणि वरवर लटकलेला जाड थर तयार होतो. पहिल्या मोजणीत असा थर भरपूर अमाइन दाखवितो. मात्र दोन धुण्यांनंतर त्यातले बरेचसे वाहून जाते. कण कितीदा धुतले याचा उल्लेख नसलेले आकडे म्हणूनच सावधपणे वाचावेत.

कणांची धारणक्षमता

धातूंवर मुलामा चढविण्याच्या व्यवसायातून येणाऱ्या षट्संयुजी क्रोमियमचे उदाहरण येथे घेता येईल. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार भूपृष्ठावरील जलप्रवाहात सोडावयाच्या सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. सौम्य आम्लधर्मी पाण्यात अमाइन गटांवर धनभार येतो आणि ऋणभारित क्रोमेट आयन त्यांच्याकडे ओढले जातात.

१ मायक्रोमीटर व्यासाच्या व दर घन सेंटिमीटरला २ ग्रॅम घनतेच्या, छिद्ररहित कणांचे बाह्य क्षेत्रफळ भूमितीनुसार ग्रॅमला ३ चौरस मीटर येते. दर चौरस नॅनोमीटरला २ अमाइन गट आणि प्रत्येक गटामागे एक क्रोमियम अणू असे उदारपणे मानले तरी एक ग्रॅम कण जेमतेम अर्धा मिलिग्रॅम क्रोमियम धरू शकतात. आता लिटरमागे १० मिलिग्रॅम क्रोमियम असलेले १,००० लिटर सांडपाणी कल्पावे. त्यात १० ग्रॅम क्रोमियम आहे आणि ते काढण्यास सुमारे १९ किलो कण लागतील. सुट्या १० नॅनोमीटर मॅग्नेटाइट कणांचे क्षेत्रफळ ग्रॅमला सुमारे ११५ चौरस मीटर असल्याने तेथे अर्धा किलो पुरेल, पण तेवढे बारीक कण वाहत्या पाण्यातून चुंबकाने परत गोळा करणे हे स्वतंत्र संकट आहे. पॉलिइथिलीनइमाइनसारख्या बहुवारिकाची साखळी रुजवून एकाच जागी अनेक अमाइन गट आणता येतात व क्षमता बरीच वाढते. तरीही फेरस सल्फेटने क्रोमियमचे क्षपण करून चुन्याने अवक्षेपित करण्याच्या जुन्या व स्वस्त पद्धतीशी स्पर्धा करणे या कणांना कठीणच आहे.

आम्ल व अल्क यांच्या कात्रीत

कण पुन्हा वापरता येतात, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण सांगितला जातो. तोही पारखून घ्यावयास हवा. क्रोमेट उत्तम धरला जातो तो २ ते ४ सामूच्या दरम्यान, आणि नेमक्या याच आम्लतेत कवचाला तडा असेल तेथून मॅग्नेटाइट विरघळू लागतो. धरलेला क्रोमेट सोडविण्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात, तर तीव्र अल्कात सिलिका स्वतःच विरघळते. म्हणजे भरताना गाभा धोक्यात आणि रिकामा करताना कवच. भर म्हणून अमाइन गट आपल्याच बुडाशी असलेल्या सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाच्या जलविच्छेदनाला हातभार लावतो, त्यामुळे साध्या पाण्यात ठेवलेल्या कणांचाही थर झिजतो. शिवाय उघड्या पडलेल्या मॅग्नेटाइटमधील फेरस लोह षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम करते आणि ते पृष्ठभागावर बसून राहते. पाण्यातून क्रोमियम नाहीसे झालेले दिसते, परंतु अल्काने ते परत येत नाही व कणाची जागा कायमची अडते.

अशा झिजलेल्या कणांचे आणि धुवणात जमा झालेल्या दाट क्रोमियमचे पुढे काय, हा प्रश्न प्रयोगशाळेत १०० मिलिलिटरच्या चंचुपात्रापुढे उभा राहत नाही. कारखान्यात तो पहिल्याच आठवड्यात उभा राहील. ते धुवण घातक कचरा ठरते आणि त्याची रवानगी तळोजा येथील केंद्रासारख्या ठिकाणीच करावी लागते.

मोजणीसाठी कण

हीच आकडेमोड पाणी तपासण्याच्या कामाला लावली की चित्र पालटते. ०.१ मिलिग्रॅम मर्यादेवर असलेल्या एक लिटर नमुन्यातील सगळे षट्संयुजी क्रोमियम धरण्यास सुमारे ०.२ ग्रॅम सूक्ष्मकण पुरतात. ते बाटलीच्या कडेला चुंबकाने गोळा करून ५ मिलिलिटर सौम्य अल्कात धुतले की क्रोमियमची तीव्रता २०० पट होते. त्यानंतर डायफिनिलकार्बाझाइडचा जांभळा रंग महाविद्यालयातील साध्या वर्णमापकावरही वाचता येतो. गाळणकागद तुंबण्याचा प्रश्न येत नाही आणि कण एकदाच वापरले तरी खर्च आवाक्यात राहतो. मर्यादेच्या शतांशाइतके प्रमाणही या वाटेने दिसू शकते. पात्र स्वच्छ करण्यात कमी पडणारी क्षमता पात्रात काय सोडले गेले हे सांगण्यास पुरेशी ठरते, आणि ज्या खोऱ्यात टँकर रात्री रिकामे होतात तेथे हे काम गौण म्हणता येणार नाही.

यासाठी ऊर्ध्वपातित पाण्यावर मिळालेली टक्केवारी मात्र उपयोगाची नाही. नदीच्या पाण्यात सल्फेट व फॉस्फेट हे ऋण आयन त्याच अमाइन जागांसाठी झगडतात, म्हणून ज्ञात मात्रेत क्रोमेट मिसळलेला त्याच नदीचा नमुना सोबत चालवावा लागतो. बदलापूरजवळच्या उल्हासच्या तुलनेने निवळ पाण्यात हे साधेल. वालधुनीच्या काळ्या पाण्यात मैल्यातील सेंद्रिय द्रव्ये व सल्फाइड षट्संयुजी क्रोमियमचे झपाट्याने क्षपण करतात. तेथे अमाइनधारी कणांनी शून्य दाखविले तर क्रोमियम नाही असा अर्थ काढता येत नाही, कारण ते त्रिसंयुजी होऊन गाळात बसलेले असू शकते. ते धनभारित असल्याने त्यासाठी इमिनोडायॲसिटेटचा पृष्ठभाग लागतो. त्रिसंयुजी क्रोमियम आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू अतिशय सावकाश सोडते, त्यामुळे अशा कणांना काही मिनिटे नव्हे तर काही तास द्यावे लागतात, आणि पाण्याबरोबर गाळाचा नमुनाही आम्लात उकळून तपासावा लागतो.